टाटपट्टीवरची शीलाची जागा

मित्रांनो, मी वारासिवनीजवळच्या सरकारी शाळेतली एक जुनी टाटपट्टी. टाटपट्टी म्हणजे मुलांना बसायला जमिनीवर अंथरतात ती तागाची लांब पट्टी. आज मी कोपऱ्यात पडून आहे, पण माझेही दिवस होते.

मी येण्याआधी बौद्ध वस्तीतली मुले दाराशी, उघड्या जमिनीवर बसत. तेजराम गुरुजींनी मला भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरले आणि सांगितले, "आजपासून सगळे एकाच पट्टीवर." गावकरी कुरकुरले. तेव्हा गुरुजींनी स्वतःची मुलगी शीला वस्तीतल्या अनुसयाशेजारी बसवली. मग कोण काय बोलणार? अनुसयाची आई शेवंताबाई राइस मिलमध्ये कामाला जाई. तिने घरोघरी फिरून वस्तीतल्या पोरी शाळेत आणल्या. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

पुढे बाजाराजवळ खाजगी शाळा निघाली. तिथे बाके होती, गणवेश होता, फी होती. आधी मिलमालकांची मुले गेली, मग मोठ्या शेतकऱ्यांची. माझ्यावर उरली ती वस्तीतली आणि गोंड आदिवासींची मुले. तरी गुरुजी म्हणत, "जाऊ द्या. माही शीला इथंच शिकन."

उन्हाळ्याची सुट्टी संपली. अनुसयाने शेजारी पाटी ठेवून शीलाची जागा धरली. शीला आलीच नाही.

"गुरुजी, शीला बिमार हाय का?"

गुरुजी फळा पुसत राहिले. "तिचं नाव तिकडच्या शाळेत टाकलं," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई आली. "गुरुजी, तुमच्या भरोशावर मी पोरी आणल्या. आमच्या पोरींले चालते ते शाळा तुमच्या पोरीले काहून नाई चालत?"

"बाई, इथं आता तिले सोबत कोणाची राह्यली?"

"काहून? आमच्या पोरी सोबत नाईत?"

अनुसयाने रिकाम्या जागेवरची पाटी उचलली, मांडीवर घेतली आणि धडा काढला. त्या दिवसापासून गुरुजी मला उरलेल्या मुलांपुरती अर्धीच उलगडत. गुंडाळलेल्या अर्ध्या अंगाला वाळवी लागली.

मुले मला तुडवत, माझे धागे उसवत. त्याचे मला कधी दुःख झाले नाही. पण ज्याने मला अंथरले, त्यानेच आपले मूल उचलून नेले, हे विसरता येत नाही. मित्रांनो, मोठे झालात की दुसऱ्यांना शाळा चांगली आहे असे जरूर सांगा. फक्त आधी आपले मूल तिथे बसवा, आणि ते उठवू नका.