बेसवाल्याची जागा

दुकानाच्या मागच्या खोलीत ती बेस गिटार मांडीवर घेऊन बसली होती आणि पुढे काउंटरवर तिचे बाबा एका कोटाची बाही उसवत होते. मध्ये फक्त पडदा. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, पंखा आपला कुरकुरत फिरतोय. अशा दुपारी बाबांचं काम हातांनी चालायचं आणि शिकवणी कानांनी.

"जोर कमी," पडद्यापलीकडून आवाज आला. "तार आहे ती, वैरीण नाही."

तिने बोटं हलकी केली.

"अजून कमी. आवाज मोठा करणं हे अँपचं काम. उगाच का ते धूड उचलून आम्ही कंबरा मोडून घेतो?"

बाबा शिंपी होते आणि शनिवार-रविवार बँडमध्ये बेस वाजवायचे. दोन्ही धंदे एकच, असं ते म्हणत. कोटाच्या अस्तराकडे कुणी कौतुकाने बघत नाही, पण अस्तर नसेल तर कोट अंगावर लोंबतो, तसा बेस. लेक एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची आणि उरलेल्या वेळातही पुस्तकांतच तोंड घालून बसायची, म्हणून बाबा तिला पंडिताबाई म्हणत. तिशी उलटल्यावर तिने एक जुनी बेस विकत आणली तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता. "घरात एक होतं ते पुरलं नाही?"

"त्या प्राध्यापकांच्या बँडला बेसवाला हवाय," बाबा आत ऐकू जाईल असं म्हणाले. "मी तुझं नाव टाकलंय."

तारेवरचा तिचा हात थांबला. "विचारायचंत तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. गेल्या वेळी मान दुखत होती. त्याच्या आधी कुठलासा ग्रंथ छापायला जायचा होता. आता काय दुखणार आहे ते ठरव आणि सांग."

ती नुसती हसली.

"हसू नकोस, ऐक. गाणी आधी मागून घे आणि पाठ करून जा. कागदात डोकं घालून वाजवणारा ड्रमरकडे बघत नाही, आणि ड्रमरकडे न बघणारा बेसवाला काय कामाचा? आपली वायर आपण न्यायची, वर एक जास्तीची. बिघडते ती नेहमी वायर, शिव्या खातो अँप. दुसऱ्याच्या अँपच्या बटणांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि घरी गोड वाटणारा आवाज तिथे नेऊ नकोस. घरी खालचे सूर भरपूर ठेवले की छाती कशी भरून येते. बँडमध्ये त्याचाच चिखल होतो. मधले सूर वाढव. घरी नाकात बोलल्यासारखं वाटेल, तिथे बरोबर बसेल."

"आणि चुकले तर?"

"ड्रमरचा उजवा पाय मोठ्या ड्रमवर असतो, त्याच्याकडे बघायचं आणि पुढे जायचं. चूक लोकांना ऐकू येत नाही, तुझं वाकडं झालेलं तोंड दिसतं." कात्री दोनदा वाजली. "पहिल्या दिवशी येतं त्याच्या निम्मंच वाजव. तुझी बोटं कोणी बघत नसतं. ही बाई गाडीत शेजारी बसली तर रस्ताभर डोकं खाईल का, एवढंच बघतात."

"मग तुम्हाला कसं चालवून घेतलं त्यांनी?"

"गाडी माझी होती."

आता मात्र दोघंही हसले. मग बाबांनी पडदा बाजूला करून आत डोकावलं. गळ्यात टेप, तोंडात टाचणी. टाचणी काढून म्हणाले, "जातेस का मग?"

"बघते."

"बघते म्हणजे नाही. भित्री आहेस, झालं."

तिने ते तसंच राहू दिलं. भित्री म्हणवून घेणं त्यातल्या त्यात सोपं होतं. तिला बँड हवा होता, पण प्राध्यापकांचा नव्हे. तिला बाबांचाच बँड हवा होता. लहानपणी सभागृहाच्या कडेच्या खुर्चीत पेंगत तिने त्यांची गाणी ऐकली होती. बाबा कुठे सूर धरतात, कुठे हात उचलून मोकळी जागा सोडतात, हे तिला आपल्या घराच्या पायऱ्यांसारखं पाठ होतं, आणि घरी कोणी नसलं की नेमून दिलेले धडे सोडून ती तेच वाजवत बसे. ड्रमरच्या डाव्या हाताला, एकावर एक बसवलेल्या झांजांपाशी बेसवाला उभा राहतो. ती हातभर जागा तिला हवी होती. पण बँडमध्ये बेसवाला एकच असतो. ती जागा मागायची म्हणजे बाबांनी सोडायची. आणि बाबा ती आपण होऊन कधी सोडतील या विचाराला पुढे कुठला रस्ता फुटतो, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. तिथवर जाऊन ती प्रत्येक वेळी मागे फिरायची.

"बरं, नको जाऊस," बाबा म्हणाले. "हा कोट तरी वकिलांकडे टाकून जा. आणि त्यांना सांग, पोट कमी करा, कापड संपलं."

तिने कोट पोचवला. निरोप दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दुकान उघडलं, पंखा लावला, स्टुलावर बसले आणि तिथेच गेले. शेजारच्या चष्मेवाल्याला वाटलं, सुई ओवतायत.

घर माणसांनी भरलं आणि हळूहळू रिकामं झालं. आई मधूनच दोन कप चहा टाकायची आणि दुसरा कप स्वतःच प्यायची. लेक कामावर जाऊ लागली. स्वतःच्या बेसला तिने हात लावला नाही. बाबांची बेस त्यांच्या खोलीत कपाटाला टेकून होती, पेटीत बंद.

मग एका संध्याकाळी बँडचा ड्रमर घरी आला. याला सगळे घड्याळ म्हणत. ड्रमवर बसला की क्षणाचा फरक पडू द्यायचा नाही, पण आयुष्यात कुठेही वेळेवर पोचल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तिचा तो घड्याळकाका. चहा पुढे आला तरी तो बराच वेळ कपाच्या कानाशी चाळा करत राहिला.

"वहिनी, कार्यक्रम जवळ आलाय," तो शेवटी आईला म्हणाला. "एक मुलगा मिळालाय, चांगला वाजवतो. रविवारी बसून बघणार आहोत. त्याच्याकडे अँप नाही."

"मग हा न्या की. मी काय करू त्याचं? वर फुलदाणी ठेवू?"

"आणि..." काका अडखळला. "गाणारी म्हणते, आमच्या गाण्यांना यांच्या बेसची सवय झालीय. दुसरी बेस आली की तिला परक्या घरात गायल्यासारखं वाटतं. तर बेसही, चालत असेल तर."

आईने लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "न्या ना. मी घेऊन येते रविवारी."

आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

शनिवारी तिने पेटी उघडली. परक्याच्या हातात वस्तू द्यायची तर स्वच्छ करून द्यावी, एवढाच साधा विचार होता. तारा काळवंडल्या होत्या. बाबांनी त्या कधी बदलल्याचं तिने पाहिलं नव्हतं. तिने वाद्यांच्या दुकानातून नव्या कोऱ्या आणल्या. एकेक जुनी तार सैल करून उतरवली. लाकूड पुसलं. तारा जिथे अडकवतात तिथे धातूचं एक वाकडं झाकण होतं. आत धूळ असणार म्हणून तिने तेही काढलं. खाली कोटाच्या खांद्यात घालतात तसल्या पॅडचा एक तुकडा निघाला. मळून काळा झालेला, चेपटा. दुकानातलं काय काय बाबांच्या अंगाखांद्यावरून घरभर यायचं: दोऱ्यांचे गुंते, खडूचे तुकडे, गुंड्या. त्यातलंच हे, असं समजून तिने तो तुकडा जुन्या तारांबरोबर केरात टाकला. सकाळी केर गेला.

तालमीची खोली एका फर्निचरच्या गोदामावर होती. भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, कोपऱ्यात मोडकं टेबल, त्यावर किटली. नवा मुलगा आधीच येऊन बसला होता. बाबांचा अँप त्याने तिच्या हातातून घेतला, "ताई, सोडा, मी घेतो," म्हणाला आणि बटणांना हात लावायच्या आधी, "लावू का?" असं विचारलं. तिला तो आवडला, आणि आवडला म्हणून आणखी वाईट वाटलं.

त्याने एकट्याने दोन-चार सूर वाजवले. खोली घुमली. नव्या तारा घंटेसारख्या वाजत होत्या. गाणारी, दिवसा शाळेत शिकवणारी आणि बोलतानाही वर्गाला ऐकू जाईल असं बोलणारी, म्हणाली, "वा."

मग काकाने मोजलं आणि सगळ्यांनी गाणं धरलं.

पहिलं कडवं संपायच्या आत काकाने काठ्या खाली ठेवल्या. एकही सूर वेळेवर संपत नव्हता. एक विझायच्या आत दुसरा त्याच्यावर चढत होता, आणि मधल्या मोकळ्या जागा, ज्यांत काकाचा पाय पडायचा, त्या सगळ्या भरून गेल्या होत्या.

"ही कोणाची बेस आणलीस?" काकाने तिला विचारलं.

"बाबांचीच."

तो उठून आला, वाकला, झाकणाखाली बोट घालून चाचपलं. "पॅड कुठाय?"

"कसलं पॅड?"

"अगं, पूर्वी एका सभागृहात आवाज फार घुमत होता. तुझ्या बाबांनी कुणाच्या तरी कोटाचा खांदा उसवला आणि पॅड कापून तारांखाली कोंबलं. सूर वाजला की मिटायचा. त्यानंतर काढलंच नाही कधी. कोटवाला एका खांद्याने उतरता फिरला असेल बिचारा." तो हसत होता, मग तिच्याकडे बघून थांबला. "टाकलंस?"

"मला वाटलं, कचरा आहे."

"आणि तारा?"

"त्याही."

गाणारी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे गं. तारा काय, दोन वर्षं वाजवल्या की होतील पुन्हा तशा काळ्या." यात सांत्वन होतं, पण कोणाच्या हातून काळ्या होणार, हेही होतं.

बाबांचा आवाज त्यांच्या बोटांत होता असं ती समजून चालली होती. थोडा त्या चेपट्या तुकड्यातही होता, आणि तो तिनेच स्वतःच्या हाताने, मायेने, पुसून काढला होता. तिला रडू आलं नाही. तपासून दिलेल्या पुस्तकात छापून झाल्यावर चूक दिसावी तसं झालं.

नवा मुलगा गडबडला नाही. त्याने हातरुमालाची घडी केली, तारांखाली सरकवली, अँपचे खालचे सूर उतरवले, मधले वाढवले. "आता बघा," म्हणाला.

पुन्हा गाणं झालं, आणि बरं झालं. बाबांचं नव्हतं, पण बरं होतं. तो काकाच्या पायाकडे बघून वाजवत होता. एके ठिकाणी चुकला तेव्हा चेहरा हलला नाही. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर बाबांचे सूर वाजवत होती. जिथे बाबा हात उचलत तिथे मुलगा सूर भरत होता, वाईट नव्हे, वेगळं. तिसऱ्या गाण्यानंतर काकाने मान डोलावली. काका मान डोलावतो म्हणजे ठरलं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

किटलीतला चहा ओतला गेला. मुलाने बेस जपून स्टँडवर ठेवली आणि कप घेऊन तिच्याजवळ आला. "ताई, तुमच्या डाव्या हाताची बोटं बघितली मगाशी. टोकांना घट्टे पडलेत. तुम्हीही वाजवता?"

तिच्या आधी काकाच बोलला. "वाजवते की. घरापुरतं. बाबांनी किती बँड शोधून दिले, पण बाईसाहेबांना हौस नाही." तो प्रेमानेच बोलला होता. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "बरं, अँप इथेच राहू दे का? कार्यक्रमापर्यंत तरी. याला रोज कुठे उचलायला लावतेस?"

हो म्हटलं की संपलं. ती घरी जाईल, आई चहाचा दुसरा कप तिला देईल, सोमवारी मुद्रितं येतील. कोणीही कधी काही विचारणार नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे हे कोणाला ठाऊकच नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते स्टुलावर बसल्या बसल्या गेले, तिला भित्री समजून.

तिने कप खाली ठेवला.

"काका, घरापुरतं नाही," ती म्हणाली. "तुमची सगळी गाणी येतात मला. कुठे वाजवायचं आणि कुठे नाही, दोन्ही."

काकाची काठी गुडघ्यावर वाजायची थांबली. नवा मुलगा कप तोंडाशी नेता नेता तसाच राहिला.

"हा चांगला वाजवतो," ती मुलाकडे बघून म्हणाली, "तुम्ही यालाच घ्या म्हणालात तर मी काही बोलणार नाही. अँप राहू दे, बेस राहू दे. पण मला हौस नाही असं म्हणू नका." मग ती ड्रमशेजारच्या, झांजांजवळच्या रिकाम्या फरशीकडे बघत म्हणाली, "मला ही जागा हवी आहे. बाबा होते तेव्हाही हीच हवी होती. ते तिथे उभे असताना मागणार कशी?"