छत्तीस हजार दोनशे चौदा

निरगुडसरच्या भगवंतानं उभ्या आयुष्यात अठरा बैल घेतले आणि एकही घाईनं घेतला नाही. बेल्ह्याच्या बाजारात जायचा, दात बघायचा, पाठीवरून हात फिरवायचा, चार पावलं चालवून बघायचा आणि निम्म्या वेळा रिकाम्या हातानं घरी यायचा. त्यामुळं घरात मोठी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा हा माणूस वर्षभर घोळ घालणार हे त्याच्या बायकोला, अंजनाला, ठाऊकच होतं. त्यानं तो घातलाही.

नवी का जुनी, हा पहिला घोळ. मुलगा चाकणला कंपनीत. त्याचं म्हणणं, नवी घ्या, लहान का असेना. भगवंताला लहान नको होती. "डिकी न्हाई ती गाडी कसली? शेपटाबिगर बैल त्यो," असं तो चारचौघांत सांगायचा. अंजनाचे गुडघे वाकत नव्हते, तिला मागं ऐसपैस जागा हवी होती. पण लांब गाडीची नवी किंमत ऐकली की त्याचा आवाज बसायचा. मग जुनी लांब गाडी, यावर गाडं येऊन थांबलं. आणि जुनी म्हटलं की पीरमहंमदला विचारल्याशिवाय पान हलणार नव्हतं.

पीरमहंमदचं गॅरेज जुन्नरला. भगवंताचा पहिला ट्रॅक्टर त्यानं दुरुस्त केला, त्याला तीस वर्षं झाली, आणि त्या ओळखीची दोस्ती कधी झाली हे दोघांनाही सांगता आलं नसतं. जुन्नर-आंबेगावात कुणीही जुनी गाडी घेताना आधी त्याला नेऊन दाखवायचं. तो कागदपत्रं बघत नसे. दाराच्या कडेवरून बोट फिरवायचा, पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचा, दाराचं रबर ओढून आतलं वेल्डिंग बघायचा. एकदा तो "नको" म्हणाला की विकणारा गाडीवर सोन्याचा पत्रा चढवो, गिऱ्हाईक फिरायचं ते फिरायचंच.

पण गेल्या अडीच वर्षांत तो कुणाबरोबर गाडी बघायला गेला नव्हता. अडीच वर्षांपूर्वी त्याचा मुलगा दानियाल गेला होता.

दानियाल सव्वीस वर्षांचा. बापाच्याच हाताखाली शिकला आणि स्वतःच्या कमाईतून एक पांढरी लांब गाडी घेतली. त्या रात्री तो पुण्याहून येत होता. खेडच्या पुढं आईचा फोन आला, "कुठंवर आलास?" म्हणून. चालवताना फोन घ्यायचा नाही, गाडी बाजूला घ्यायची, हे बापानंच शिकवलेलं. पोरानं ऐकलं. गाडी बाजूला घेऊन थांबला, आणि मागून कंटेनर आला. गाडीचा पुढचा भाग जवळजवळ जसाच्या तसा राहिला. मागचं काही उरलं नाही, आणि सीटसकट मागं ओढला गेलेला पोरगाही उरला नाही.

त्याची आई हाजराबी. तिनं त्यानंतर फोनला हात लावला नाही. लोकांनी समजावलं, तुझा काय दोष. दोष नव्हताच, पण आईला हे कोण पटवणार? पोराच्या चाळिसाव्या दिवशी तिनं नवऱ्याकडं एकच मागितलं. दोघांची घरातली बोली दख्खनी, तिचं मराठी करून सांगायचं तर ती एवढंच म्हणाली, "ती गाडी पुन्हा रस्त्यावर यायला नको. कुणाच्या लेकराखाली जायला नको. तोडून टाका." पीरमहंमद हो म्हणाला. भंगारवाला आला, "चाचा, उद्याच तोडतो," म्हणाला. पीरमहंमदनं खाटेवर पडल्या पडल्या सह्या केल्या. जगाच्या गाड्या बोटानं तपासणारा माणूस, स्वतःच्या पोराची गाडी तुटताना बघायला उठला नाही. उठण्याचं बळच नव्हतं त्याच्यात.

"पीरभाई, येकडाव चला राव," भगवंत म्हणाला. "कळंबला भिकाशेठकडं हाय. करड्या रंगाची. छत्तीस हजार चाललीया फकस्त. डाक्टरची व्हती म्हणं."

"डॉक्टरचीच आसंल," पीरमहंमद म्हणाला आणि बऱ्याच दिवसांनी थोडा हसला. जुन्या गाड्यांच्या बाजारात निम्म्या गाड्या डॉक्टरांच्या असतात आणि निम्म्या शाळेतल्या बाईंच्या. मग खड्ड्यांतून गाड्या कोण आपटतं, देव जाणे.

तो शुक्रवारची, जुम्याची नमाज पढून निघाला. हाजराबीला त्यानं एवढंच सांगितलं, भगवंतभाऊंसाठी गाडी बघून येतो. त्याची जुनी कापडी पिशवी, ज्यात टॉर्च, पाने आणि स्क्रूड्रायव्हर असत, ती तिनंच खुंटीवरून काढून दिली. पुन्हा माणसात जातोय, एवढंच तिला बरं वाटलं असावं.

भिकाशेठचं नाव भिका, पण गळ्यात अंगठ्याएवढी साखळी. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड आणि ओळीनं पुसून ठेवलेल्या गाड्या. अंजना आधीच करड्या गाडीत मागं पाय पसरून बसली होती. "गुडघं टेकत न्हाईत वो," ती आतूनच म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते बघून पीरमहंमदला मनापासून वाटलं, गाडी चांगली निघू दे. भगवंताच्या हातातल्या पिशवीत नारळ होता. पीरभाईनं होकार दिला की तिथंच फोडून विसार द्यायचा, असा त्याचा बेत.

पीरमहंमदनं पुढचं दार बघितलं. ठीक. मागच्या दाराच्या कडेवर बोट फिरवलं आणि बोट थांबलं. त्यानं रबर ओढलं, टॉर्च मारली. मग अंजनाला हात देऊन खाली उतरवलं आणि पायाखालचं कार्पेट उचललं. गाडीच्या तळाला या कडेपासून त्या कडेपर्यंत वेल्डिंगची जाड रेघ होती, वरून काळा रंग फासलेली.

"दोन गाड्यांची येक केलीय," तो म्हणाला. "पुढचं निम्मं येकीचं, मागचं दुसरीचं. नंबर मागचीचा आसंल."

"काय बोलता चाचा!" भिकाशेठ उसळला. "आमी पुण्यावरून आशीच आणली. डाक्टरची..."

"बघू द्या शेठ त्यांना," भगवंत म्हणाला.

खरं तर बघायचं काही उरलं नव्हतं. नको म्हणायला एवढं पुष्कळ होतं. पण हातांना सवय असते. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनवर टॉर्च टाकली. नंबर घासून नवा ठोकलेला. मग एअर फिल्टरच्या डब्याचे चारी चाप काढून त्यानं झाकण उलटं केलं.

त्याच्या गॅरेजची ही एक रीत होती. ऑइल बदललं की तारीख आणि किलोमीटर एअर फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करनं लिहायचं. स्टिकर गळतात, पुस्तकं हरवतात, झाकणाच्या आत मात्र कुणी पुसायला जात नाही. तो स्वतः उर्दू शाळेत शिकलेला, त्याचे आकडे उर्दू. दानियाल मराठी शाळेत गेला, त्याचे आकडे मराठी. चारला शेपूट लांब, आठ नेहमी पडका. "आरं, आठाला उभं राहू दे की," म्हणून बाप त्याला रोज चिडवायचा.

झाकणावर शेवटच्या तारखेपुढं लिहिलं होतं: ६१४८०. खाली: पुढचं ऑइल ७१०००. आठ पडका होता. अपघाताच्या आदल्याच आठवड्यात दानियालनं स्वतःच्या गाडीचं ऑइल बदलून बापाला सांगितलेला हाच आकडा.

पीरमहंमदच्या हातातून टॉर्च खाली पडली. त्यानं ती उचलली नाही.

"काय झालं वो?" भगवंत जवळ आला. त्यानं झाकण बघितलं, आकडे वाचले. "कुणाचं आक्षार हे?"

"माझ्या पोराचं."

भगवंतानं नारळाची पिशवी अंजनाच्या हातात दिली आणि दोस्ताचा दंड धरला. अंजना पदर तोंडाला लावून बाजूला झाली. ज्या जागेवर आपण पाय पसरून बसलो होतो, तिच्याकडं तिला आता बघवेना.

भिकाशेठला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो साखळीशी चाळा करत उभा राहिला. "चाचा, आईशपथ, मला ठावं न्हवतं," तो म्हणाला. आणि ते खरं होतं. मग हळूच म्हणाला, "उद्या शिनोलीचं पावणं येणारेत ही बघायला. तीन पोरी हायेत त्यांना."

शिनोलीच्या माणसाला कुणी पीरमहंमद नव्हता. गाडी पुसून चकचकीत केलेली होती, रंग चांगला होता, मीटर छत्तीस हजार दाखवत होतं. तो उद्या नारळ फोडणार आणि तीन पोरींना मागं बसवून घेऊन जाणार. वेल्डिंगच्या त्या रेघेवर.

"ही मी नेतो," पीरमहंमद म्हणाला. "भंगाराच्या भावात द्या. न्हाईतर घासलेला नंबर पोलिसांना दाखवतो."

भिकाशेठनं घासाघीस केली नाही. किल्ली आणून त्यानं दोन्ही हातांनी दिली, एखाद्याच्या मयताला आल्यासारखी मान खाली घालून.

भगवंत म्हणाला क्रेन बोलवू, पोराला बोलावतो, तो चालवील. पीरमहंमद ऐकेना. तो स्वतः चाकामागं बसला. किल्ली फिरवली, काटे उठले, आणि मीटरवर आकडा आला: छत्तीस हजार दोनशे चौदा. एकसष्ट हजारांवरून कुणीतरी मागं फिरवलेला.

छत्तीस हजार. तो आठवत बसला. छत्तीस हजाराला गाडी कुठं होती? त्याला आठवलं. दानियालच्या बहिणीचं, कौसरचं, लग्न. पाठवणीला ती याच गाडीत बसली होती, हारांनी गाडी झाकून गेली होती, आणि दानियालनं समोरची काच दिसेना म्हणून स्वतःच्या हातानं निम्मे हार ओरबाडून काढले होते. त्यावरून बायकांनी त्याला किती बोल लावले होते. दुसऱ्या दिवशी तेल बदलताना बापानं स्वतः मीटर वाचलं होतं. छत्तीस हजार आणि वर काहीतरी. म्हणजे या मीटरच्या हिशेबानं पोरगा अजून जिवंत होता. अजून पंचवीस हजार किलोमीटर जिवंत असणार होता.

भगवंत शेजारी बसला. चाकणहून न्यायला येणाऱ्या लेकाची वाट बघत अंजना शेडमध्येच थांबली. गाडी हायवेला लागली आणि मीटरवर पंधरा झालं. मग सोळा. पीरमहंमदला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढता येत नव्हती. नारायणगाव येईतो त्यानं गाडी एवढी हळू केली की मागचे ट्रकवाले हॉर्न देऊन देऊन थकले.

"पीरभाई, वाईच दाबा की," भगवंत म्हणाला.

"पुढं जातंय वो भाऊ," पीरमहंमद म्हणाला. "आकडा पुढं जातोय."

भगवंताला कळलं का नाही, सांगता येत नाही. पण त्यानंतर जुन्नरपर्यंत त्यानं त्याला घाई केली नाही. (पुढं दिवाळीत त्यानं नवीच घेतली, लांबच घेतली, डिकीसकट. जुनीचं नाव काढायचं त्याचं धाडस झालं नाही.)

दिवस मावळायच्या आत गाडी गॅरेजच्या अंगणात उभी राहिली. भगवंताला एसटीत बसवून पीरमहंमद परत आला आणि त्यानं गॅस कटर बाहेर ओढला, सिलिंडर लावला, चष्मा चढवला. अडीच वर्षांपूर्वीचा शब्द आज तरी पुरा करायचा, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या डोळ्यांदेखत. तेवढ्यात हाजराबी गॅरेजला लागून असलेल्या घराच्या मागच्या दारानं बाहेर आली.

त्यानं तिला सगळं सांगितलं. न सांगता कापली असती, तरी चाललं असतं. रंग बदललेला, तिनं ओळखली नसती. पण एकदा गाडी तुटताना न बघता सह्या केल्याचं ओझं त्याला पुरे झालं होतं. वेल्डिंगची रेघ सांगितली, शिनोलीच्या तीन पोरी सांगितल्या. झाकण तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मराठी आकड्यांवरून बोट फिरवलं, अगदी नवरा पत्र्यावरून फिरवतो तसं, आणि पडक्या आठावर थांबली.

"कापतो आता," तो म्हणाला. "तू आत जा."

ती गेली नाही. तिनं पुढच्या काचेतून आत बघितलं. "किती चाललीय?"

"मीटर मागं फिरवलंय. छत्तीस हजार दाखवतंय."

"तेव्हा तो कुठं होता?"

"कौसरच्या लग्नात," पीरमहंमद म्हणाला. "हार काढत होता."

हाजराबीनं डावीकडचं दार उघडलं, पदर सावरून आत बसली, झाकण मांडीवर घेतलं, आणि गाडी तोडायची म्हणून अडीच वर्षांपूर्वी शब्द घेतलेली ती बाई नवऱ्याला म्हणाली, "आज नको कापू. आणि आता हलवू पण नको हिला. आहे तिथंच राहू दे."

त्यानं सिलिंडरचा कॉक बंद केला आणि फिरून येऊन तिच्या शेजारी, चाकामागं बसला.