आरशावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, पण लांबून पाहणारे मला पाण्याचा पाइपच समजतात. त्यांचं चुकत नाही. लासुर्ण्याच्या हिंदुरावांनी उसाच्या पाइपलाइनमधून उरलेल्या तुकड्यातच मला बांधलं. आरसा मात्र त्यांनी पुण्याला जाऊन, शिकून, काचेवर काच घासून घडवला.

मला अंगणात उभं केलं की शेजारचे वाजिदभाई विचारायचे, "हिंदुराव, ह्यातनं पाणी कवा सुटायचं?" आणि पहिला डोळाही तेच लावायचे.

माझ्या नजरेत काही टिकत नाही. पृथ्वी फिरते, चंद्र सरकत सरकत निसटतो. हिंदुराव एका बोटानं मला ढकलत राहायचे आणि बायकोला हाक मारायचे. "धारा काढून येते," बनाबाई म्हणायच्या. आल्या कधीच नाहीत.

यंदा उन्हाळ्यात हिंदुरावांनी आरसा काढला. कारखान्याच्या धुराड्याची राख बसली होती. धुऊन, सुकवून त्यांनी तो डब्यात ठेवला आणि परत बसवायच्या आतच ते गेले. तेव्हापासून माझं धड कोपऱ्यात, डोळा डब्यात. पावलं वाजली की वाटे, आता कुणी उचलेल. पावलं पुढं जात.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा हिंदुराव करायचे. माझ्या नळीलाही टिळा लावायचे. यंदा बनाबाईंनी ट्रॅक्टर धुतला, कुदळी, विळे मांडले. मग डबा उघडला आणि आरशाच्या मधोमध ओलं कुंकू टेकवलं. ते गेल्यापासून करंड्याला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला होता.

सणाला आलेली लेक राजलक्ष्मी ओरडली, "आई! आरशावर?"

"कुदळीला लावलं, मग ह्यांच्या ह्याला न्हाय लावायचं व्हय?" लेकीचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. "नासलं का गं? एवढंच तर हाय त्यांचं. थांब, पुसते." पदर पुढं आला.

"पुसू नकोस! ओरखडे पडतील."

तिनं वडिलांना आरसा धुताना पाहिलं होतं. आधी तिनं नुसतं पाणी वाहू दिलं. मग साबणाचा थेंब टाकून भिजवलेला कापूस न दाबता हलकेच ओढला. शेवटी बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ओतलं आणि आरसा तिरका उभा करून सुकू दिला. बनाबाई सारख्या येऊन विचारत होत्या, "गेलं का?"

सगळं गेलं नाही. फिकट लाल ठिपका राहिला.

राजलक्ष्मीनं आरसा बसवला. मागचे स्क्रू फिरवत, नळीत डोकावत ती हा आणि नळीच्या तोंडाजवळचा छोटा, असे दोन्ही आरसे एका रेषेत आणू लागली आणि मधेच हसली. "आई, बरोब्बर मधोमध लावलंस बघ. तिथं वरच्या छोट्या आरशाची सावलीच पडते. डाग आड येणार नाही. उलट नेम धरायला खूण झाली!"

दिवस मावळला. राजलक्ष्मीनं मला अंगणात आणून नवमीच्या चंद्रावर रोखलं आणि आईला हाक मारली. बनाबाईंनी डोळा लावला.

"अगं, सरकला की!"

"हळूच ढकल. एका बोटानं."

हिंदुरावांचं बोट टेकायचं तिथंच बनाबाईंचं बोट टेकलं. गोठ्यात म्हशी ओरडू लागल्या.

"आई, धारा?"

"ऱ्हाऊ दे जरा."

मित्रांनो, माझा आरसा कोरड्या फडक्यानं पुसू नका, आणि धुऊन डब्यात विसरूही नका. अंगणातून कुणी हाक मारली, तर लगेच या. धारा नंतरही काढता येतात.