दुखरा हात आधी

"लशीची सुई नेमकी कुठे टोचली, दाखवा," सुनावणीचे अधिकारी म्हणाले.

तिने खांद्याच्या अगदी टोकावर, हाडालगत बोट टेकवलं. "इथे."

"इतक्या वर?" दवाखान्याच्या वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाही घट्ट होती. गळ्याकडून खाली ओढली. मी बसलेली, त्या उभ्या."

त्या म्हणजे तिची नणंद, दवाखान्यातली नर्स. "घरच्या माणसाला रांग कसली? या वहिनी," म्हणत त्यांनीच तिला मध्ये घुसवलं होतं. सुई काढताना त्याच म्हणाल्या होत्या, "अगंबाई, जरा वरच गेली की!" दोघी हसल्या होत्या.

मग खांदा धरला तो सुटेचना. ती केस कापायची. कात्री उजव्या हातात, पण बट उचलून धरणारा डावा हातच वर जाईना. पार्लरमधल्या तिच्या खुर्चीमागे आता दुसरी मुलगी उभी असते. लेक वेणीसाठी जमिनीवर बसते आणि मान आणखी खाली घालते. न सांगता.

"भरपाईचा अर्ज करा, वहिनी. मी सांगेन ना खरं," हेही वन्संच म्हणाल्या होत्या.

आज वन्संनी टेबलावरची नजर उचलली नाही.

"जागा बरोबर होती. दंडाच्या मधोमध." मग त्यांनी पुढे जोडलं, "वहिनींचा खांदा आधीपासूनच दुखायचा."

पहिलं वाक्य तिने पोटात घातलं असतं. नोकरी कुणाला नको असते? पण दुसरं तर कुणी विचारलंही नव्हतं.

अधिकाऱ्यांनी मान हलवली. "मग लशीचा संबंध लागत नाही. अर्ज नामंजूर."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "जरा वरच गेली" हे त्या दिवशी त्यानेही ऐकलं होतं. तो पुटपुटला, "सोड आता. बहीण आहे माझी."

"आणि मी?"

तो पार्किंगचं तिकीट शोधू लागला.

बाहेर बोळात गारठा होता. तिने पिशवीतून स्वेटर काढला, तशा वन्सं सवयीने पुढे आल्या. गेले कित्येक महिने त्याच घालून देत होत्या. डावी बाही गोळा केली, कोपराखाली तळवा धरला, खांदा तसूभरही न उचलता हात अलगद आत सरकवला. दुखरा हात आधी. त्यांनीच शिकवलं होतं.

मग त्यांची बोटं थबकली. दोघींनी त्या बाहीकडे पाहिलं.

"वहिनी..."

"राहू द्या, वन्सं. उजवा हात चांगला आहे माझा."

तिने दुसरी बाही स्वतः ओढून घेतली आणि एका हाताने, खालून वर, एकेक बटण लावत राहिली. भाऊ-बहीण ताटकळत उभे होते. तिने घाई केली नाही.