डिकीतल्या पोत्यातला सुपरचार्जर

मी सुपरचार्जर बोलतोय. आवाज दबका वाटला तर चालवून घ्या. बरेच दिवस तोंडावर पोतं होतं. तेही बटाट्यांचं. माझ्यासारख्याला बटाट्यांच्या पोत्यात कोंबणाऱ्या माणसाविषयी काय मत करायचं ते आताच करून टाका, पुढे ते फारसं बदलावं लागणार नाही.

माझा आणि गाडीचा जन्म एकाच कारखान्यातला. इंजिनाबरोबर मीही तिथेच बसलो. मागाहून कुणी हौसेने चिकटवलेला नव्हे. इंजिनाला जास्तीची हवा भरवायची, एवढंच माझं काम. इंजिनाच्याच पट्ट्याने मी फिरायचो, त्यामुळे पाय दाबला की मी हजर. 'आलोच हं' म्हणून ताटकळत ठेवायची सवय मला नाही. फिरताना बारीक शीळ घालायचो, तेवढीच माझी चैन.

गाडी बहीण-भावाची, अर्धी अर्धी. घर एकच, खाली ताई, वर धाकटा. ताई लांबच्या इस्पितळात परिचारिका, निवृत्तीला टेकलेली. गाडी रोज तीच चालवायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता लागतो. सिग्नल नाही, आणि ट्रक कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. ताई तिथे थांबायची, दोन्हीकडे बघायची, फट दिसली की पाय दाबायची आणि मी गाडी उचलायचो. माणसांपैकी मला मानवली ती ही एकटीच.

धाकट्याचं काय सांगावं! तो रविवारी गाडी चालवायचा कमी आणि पुसायचा जास्त. बॉनेट उघडून मित्रांना म्हणायचा, "हा बघा आपला सुपरचार्जर," आणि बोट दाखवायचा बॅटरीकडे. त्यातलाच एक मित्र म्हणाला, "हे खटलं कोण ठेवतं हल्ली? इंजिनाचीच ताकद खातं ते. टर्बो टाक." उचलली जीभ, लावली टाळ्याला. खातो मी थोडी ताकद. राबणारा जेवणारच ना?

शनिवारी गाडी गॅरेजमध्ये गेली. गॅरेजवाल्याने सांगून पाहिलं, "साहेब, वेग आला की ताकद भरपूर मिळेल. पण जागेवरून उचलायला जरा वेळ घेईल. घरात आणखी कुणी चालवत असेल तर सांगून ठेवा."

"हो हो," धाकटा म्हणाला. त्याचं सगळं लक्ष नव्या टर्बोच्या चकाकीकडे. माझा पट्टा कापला, नट काढले, आणि 'विकू पुढेमागे' म्हणून मला पोत्यात घालून डिकीत टाकलं.

माझ्या जागी आलेल्या त्या महाराजांचं पोट कशावर चालतं, ठाऊक आहे? इंजिनाने बाहेर टाकलेल्या धुरावर! धूर जोरात येईल तेव्हा हे फिरणार, तोवर आळोखेपिळोखे. एकदा फिरला की गाडी पळवतो, नाही म्हणत नाही. पण उष्ट्यावर जगणारा दुसऱ्याला वेळेवर काय वाढणार?

धाकट्याने ताईला सांगितलं ते एवढंच, "गाडी आता दुप्पट पळते बघ!"

सोमवारी सकाळी ताई गल्लीच्या तोंडाशी थांबली. ट्रक येत होता, पण अंतर रोजचंच. तिने पाय दाबला. गाडी निम्म्या रस्त्यात गेली आणि तिथेच दम खात राहिली. हॉर्न वाजला, ट्रकचे ब्रेक किंचाळले, आणि मग कुठे महाराजांना जोर आला. गाडी उसळली आणि पलीकडच्या कठड्याला घासून थांबली.

ट्रकवाला उतरून आला. "बाई, मरायचं होतं का? जमत नाही तर चालवता कशाला?"

ताईच्या हातून किल्ली दोनदा निसटली, तिसऱ्या खेपेला कुठे गाडी सुरू झाली.

संध्याकाळी गाडीपाशी उभी राहून तिने धाकट्याच्या हातात किल्ली ठेवली. "माझाच पाय उशिरा पडला रे. आता नको मला गाडी."

धाकटा घासलेल्या पत्र्यावरून हात फिरवत होता. तो हात मध्येच थांबला. गॅरेजवाला त्याला आठवला, हे मी पैजेवर सांगतो. पण म्हणाला काय, तर "वय झालं ताई तुझं. बसने जात जा, सोपं पडेल."

ह्या माणसाचा माल म्हणवून घ्यायची मला पोत्यातही लाज वाटली.

ताई बसने जाऊ लागली आणि धाकटा रोज गाडीने. एकदा गाडीला टेकून ती शेजारणीला सांगत होती, "सुई टोचताना आताशा हाताचा भरवसा वाटत नाही. एखाद्या पेशंटला काही झालं तर? नोकरी आधीच सोडावी म्हणते." तीस वर्षं ज्या हातांनी लोक बरे केले, ते हात ह्या घाबरटाने एका वाक्यात मोडले होते. आणि मी डिकीत, तोंडावर पोतं.

मग एका रविवारी ती छत्री शोधायला डिकीशी आली. पोतं ओढलं तर हलेना. "बटाटे आहेत की धोंडे?" तिने तोंड सोडलं आणि मला उजेड दिसला. "हे काय रे?" तिने गाडीपाशी उभ्या धाकट्याला विचारलं.

"काही नाही. जुना सुपरचार्जर. काढला."

"कधी?"

धाकटा बॉनेट पुसू लागला. बॉनेट लखलखीत होतं.

"कधी काढलास, विचारतेय."

"त्या... शनिवारी."

ताईने डिकी आपटून लावली. मग म्हणाली, "किल्ली दे. आणि शेजारी बस."

तिने गाडी बाजारामागच्या मोकळ्या मैदानात नेली. थांबवली, पाय दाबला. गाडीने दम खाल्ला, मग उसळली. पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं. नंतरच्या खेपेला पाय दाबताना ती मोठ्याने म्हणाली, "दाबला!" आणि गाडी जोर धरेपर्यंत धाकट्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ताई, मी सांगणारच होतो..."

"माझा पाय वेळेवर पडला होता," ताई म्हणाली. "उशीर तुझ्या तोंडाला झाला." एवढं बोलून तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. मग डोळे पुसले. "किल्ली आता माझ्याकडे राहील. तू बसने जात जा. सोपं पडेल."

नोकरी सोडायची भाषा तिने पुन्हा काढली नाही. टर्बोची खोड तिला चार दिवसांत कळली. आता ती मोठी फट बघून निघते. मला परत बसवा असं मी म्हणत नाही, माझा पट्टाच कापलाय. तिने मला पुसून दाराशी ठेवलंय, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. काम हलकं आहे, पण पोत्यापेक्षा बरं.

तुमच्याकडे एकच मागणं. घरातलं काही बदललंत, तर जो ते रोज वापरतो त्याला सांगा. तेवढं बोलायला ना पट्टा लागतो ना धूर.

धाकटा रोज सकाळी मला ओलांडून बस गाठायला पळतो. खाली बघायची हिंमत त्याला होत नाही. परवा त्याच्या अंगठ्याला माझी सणसणीत ठेच लागली. मी जागचा हललो नाही.