शुद्धिपत्र

"हे निळ्या पेनानं कुणी लिवलंय?"

महिपती तात्यांनी पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं आणि सत्त्याऐंशीव्या पानावर बोट टेकवलं. समोर उभ्या असलेल्या स्वरूपानं पुस्तकाकडे पाहायचं टाळलं आणि भिंतीकडे पाहिलं. तिथंच ती फसली. भिंतीवर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं: 'पुस्तकावर लिहिल्यास सभासदत्व रद्द होईल. हुकमावरून.'

"मी," ती म्हणाली.

"ते दिसतंयच. खाली सही बी केलीय. 'स्व.' स्व. म्हंजी काय, स्वर्गीय?"

"स्वरूपा."

"आता स्वर्गीयच समज," तात्या म्हणाले आणि त्यांनी सभासदांचं रजिस्टर ओढलं.

इंदापूरच्या बाजारपेठेतलं ते वाचनालय म्हणजे एक लांबोळकी खोली, सात कपाटं आणि तात्या. गेली बावीस वर्षं तात्या तिथं होते. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला ते उठवून बाहेर पाठवत, मग तो कितीही मोठा बागाईतदार असो. त्यांनी रजिस्टर उघडलं म्हणजे गंमत उरली नाही, हे स्वरूपाला कळलं.

तिची वस्ती इंदापूरपासून पाच-सहा किलोमीटर आत. घरात छापील म्हणण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, भिंतीवरचं कॅलेंडर आणि फवारणीच्या औषधाबरोबर आलेली माहितीपुस्तिका. दोन्ही तिनं इतक्या वेळा वाचल्या होत्या की तुडतुड्यांचा बंदोबस्त ती झोपेतही सांगू शकली असती. मग गेल्या वर्षी वाचनालयात कुमारवयीन मुलांच्या कादंबऱ्यांचा खोका आला. चाळीस पुस्तकं. आपल्याएवढ्या पोरापोरींची इतकी जाडजूड गोष्ट कुणी लिहितं, हेच तिला ठाऊक नव्हतं. दहावीचं वर्ष असूनही ती मंगळवारी आणि शनिवारी सायकल हाणत यायची.

स्वरूपा पुस्तक वाचत नसे, त्याच्याशी भांडत असे. "अगं मूर्ख, सांग की त्याला!" असं ती गोठ्यात बसून ओरडली की म्हैस दचकून दाव्याला हिसका द्यायची. चोर पकडणाऱ्या मुलांच्या कादंबरीत तिनं बाराव्या पानावरच चोर ओळखला आणि उरलेली दीडशे पानं त्या मुलांच्या बुद्धीची कीव करत काढली. प्रेमाची एक कादंबरी तिनं विज्ञानाच्या पुस्तकात घालून तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा त्याच पानावर तिचे कान गरम झाले. हे सुख तिला इतकं नवं होतं की ते कुठं ठेवावं तेच कळेना, म्हणून ती समासात लिहू लागली. आधी पेन्सिलनं, हलकेच. आणि या पुस्तकात निळ्या पेनानं, कारण या पुस्तकानं तिचा घात केला होता.

"काय लिवलंय ते तरी वाचा तात्या," ती म्हणाली. "मग काढा नाव."

तात्यांनी चष्मा चढवला. पुण्यात वाढलेली ऋतुजा रुसून काकांच्या गावी येते, अशी ती गोष्ट. ते वाचू लागले. "'जूनच्या वाऱ्यावर उसाचे पांढरे तुरे डोलत होते.'" शेजारी निळ्या शाईत होतं, 'जूनमध्ये तुरा? तुरा दिवाळीला.'

तात्यांनी पुढचं पान उलटलं. त्यांचाही दोन एकर ऊस होता.

"'ऋतुजा दुपारभर उसात गाढ झोपली आणि ताजीतवानी होऊन बाहेर आली.'" समासात: 'आमच्या फडात झोपून दाखवा. पान कापतं, पानावरची कूस टोचते, आठ दिवस खाज जात नाही.'

"'काका रोज सकाळी उसाला झारीने पाणी घालत.'" आणि समासात: 'झारीनं? ऊस आहे का तुळस?'

तात्यांना खोकला आला. तो खोकला बराच वेळ चालला आणि संपला तेव्हा त्यांना डोळे पुसावे लागले.

"सत्त्याऐंशी पानं मला ती पोरगी इतकी आवडली व्हती तात्या," स्वरूपा म्हणाली. "मला वाटलं, ही आपल्याकडंच आली. आन् मग एकदम कळलं, ती कुठंच आली न्हाय. लिवणाऱ्या बाईंनी ऊस बघितलाच न्हाय. खोटं तसंच ठेवायचं का मग?"

तात्यांनी चष्मा सारखा केला. पानं उलटत ते एकशे बेचाळीसवर आले. ऋतुजा हॉस्टेलला निघते तो प्रसंग. "'आई पाठमोरी भांडी घासत राहिली. घासलेलं पातेलं तिनं पुन्हा घासायला घेतलं. ती एक शब्दही बोलली नाही.'" त्यापुढं निळी शाई सगळ्यांत ठळक होती: 'साफ खोटं. पोरगी घर सोडून निघालीय आणि आई गप्प? आया गप्प बसत नाहीत.'

"हे कशावरनं?" तात्यांनी विचारलं. "तुरा कवा येतो ते तुला ठावं हाय. आईचं कशावरनं ठरिवलंस?"

"माझ्या आईवरनं."

ही आई तात्यांना चांगलीच ठाऊक होती. स्वरूपाची आई रतन बाजारच्या दिवशी पेरू घेऊन बसायची आणि तिचा आवाज वाचनालयात ऐकू यायचा. रतनच्या तोंडाला कुलूप नव्हतं, कडी नव्हती, दारच नव्हतं म्हणा ना. एका कादंबरीत कुत्रं मेलं तेव्हा स्वरूपा संध्याकाळी जेवली नव्हती, तर रतननं सकाळी अख्ख्या वस्तीला सांगितलं, "आमच्या स्वरूपाचं कुत्रं गेलं वं." शेजारची दगडाबाई समाचाराला आली. तासभर बसली, चहा प्याली, आणि उठताना म्हणाली, "पर रतने, तुमच्याकडं कुत्रं कवा व्हतं?"

"तुझ्या आयेकडं बघितलं तर तुझं खरं वाटतंय," तात्यांनी कबूल केलं. त्यांनी रजिस्टर मिटलं, उठून शेवटच्या कपाटातून एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक आणलं आणि त्याचं शेवटचं पान उघडलं. वर जाड अक्षरांत 'शुद्धिपत्र' असं छापलेलं होतं. खाली रकाने: पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध.

"चूक सगळ्यांचीच व्हती," तात्या म्हणाले. "पर पुस्तक घाण करायचं न्हाय. चूक दाखवायची ती अशी. येगळ्या कागदावर, रकाने पाडून, आदबीनं. कागद मी चिकटवीन. आन् शिक्षा म्हणून चाळीसच्या चाळीस पुस्तकांना कव्हरं घालायची."

चाळीस पुस्तकं हाताखालून जाणार म्हटल्यावर शिक्षा कसली, मेजवानीच झाली, ते तात्यांनाही कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली आणि उगीच टेबल पुसलं.

ती उन्हाळ्याची सुट्टी स्वरूपाच्या आयुष्यातली सगळ्यांत दंग्याची होती. खाकी कागद, डिंक आणि वाद. ती शुद्धिपत्रं करत गेली. 'पान ३१: शेळी हंबरली, अशुद्ध. शुद्ध: शेळी बेंबटली.' 'पान ६०: मुलगा पहाटे उठून मोराचे अंडे फोडून खातो, अशुद्ध. शुद्ध: मोराच्या अंड्याला हात लावला म्हणून गावकऱ्यांनी त्यालाच खाल्लं असतं.' तात्या प्रत्येक कागद वाचत, हरकती घेत, भांडत आणि शेवटी चिकटवत. हळूहळू मोठी माणसंही ती पुस्तकं मागू लागली. गोष्टीसाठी कमी, मागच्या कागदासाठी जास्त. मात्र त्या पहिल्या पुस्तकाच्या चार नंबरच्या, गप्प आईच्या नोंदीवर तात्यांनी पेन्सिलनं बारीकसं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं, आणि स्वरूपा ते प्रत्येक वेळी रबरानं पुसत होती.

निकाल लागला. अठ्ठ्याऐंशी टक्के पडले आणि अकरावीला बारामतीचं कॉलेज मिळालं. हॉस्टेलही मिळालं. रतनच्या बोलण्याला तर उधाण आलं. चार दिवस तिनं श्वास घेतला की नाही, शंका आहे. हॉस्टेलात कुणाचा कंगवा वापरू नको, रात्री केस मोकळे सोडू नको, ताटात टाकू नको, डाळ पातळ असली तरी नाव ठेवू नको. स्वरूपानं मनात ठरवलं होतं की निघताना आई दारातून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून स्टँडपर्यंत बोलत येणार, आणि स्टँडवर कंडक्टरलाही सांगणार की माझी पोरगी हाय, नीट उतरवा.

जुलैतल्या त्या सकाळी वडिलांनी, रविराजनी, मोटारसायकल बाहेर काढली. बॅग मागं बांधली. पिशवीत भाकरी होत्या, शेंगदाण्याची चटणी होती. ती कधी भरली गेली ते स्वरूपानं पाहिलं नव्हतं. घरात विलक्षण शांतता होती. कुकरची शिट्टी नाही, हाका नाहीत.

रतन गोठ्यापुढं पाठमोरी बसली होती. पुढं हिरव्या गवताची मोळी होती.

"आई, निघते."

रतननं मोळीची दोरी आवळली आणि गाठ मारली. मग ती गाठ सोडली, गवत झटकून सारखं केलं आणि दोरी पुन्हा आवळली.

"आई, येते मी."

गाठ पुन्हा सुटली. रतननं मान वळवली नाही. तिचे खांदे एकदा वर गेले आणि खाली आले, एवढंच. स्वरूपा तिथं उभी राहिली, बोलणं सुरू होईल म्हणून वाट पाहत. मग वडिलांनी हॉर्न दिला आणि ती वाकून आईच्या पाया पडली. तिच्या डोक्यावर ओला, गवताच्या वासाचा हात आला. तो थोडा वेळ तिथंच राहिला. मग तो पुन्हा दोरीकडे गेला.

डांबरी रस्ता लागला तशी स्वरूपा पुढं वाकली. ती वडिलांच्या कानाशी म्हणाली, "पप्पा, वाचनालयापाशी थांबवा."

"साडेधाला गाडी हाय गं. आता कसलं पुस्तक?"

"थांबवा. दोन मिंटं."

तात्या नुकतंच दार उघडून उदबत्ती लावत होते. तिला बॅगेसकट आलेली पाहून ते म्हणाले, "पुस्तक न्हाय मिळायचं आता. बारामतीला मोठाली वाचनालयं हायती."

"न्यायचं न्हाय तात्या. एक चूक सुधारायची हाय."

"कुणाची?"

"माझी."

तात्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. काही न विचारता त्यांनी ते पुस्तक काढलं, मागचा चिकटवलेला कागद उघडला आणि स्वतःच्या खिशातलं पेन तिच्यापुढं धरलं. बावीस वर्षांत त्यांनी ते कुणाला दिलं नव्हतं. स्वरूपानं चार नंबरच्या नोंदीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'ही नोंद अशुद्ध. पान १४२ वर लेखिकेचं बरोबर आहे.' या वेळी तिनं 'स्व.' लिहिलं नाही, पूर्ण नाव लिहिलं.

तात्यांनी वाचलं. ड्रॉवरमधून वाचनालयाचा गोल शिक्का काढून त्यांनी त्याच्याखाली दाबून मारला.

"काय लिवलं एवढं?" दारातून रविराजनी विचारलं. तात्यांनी आधी पान १४२ वरचं छापलेलं वाचून दाखवलं आणि मग पोरीचं.

"मी गाडी काढली तवापसनं तीच मोळी बांधती ती," रविराज म्हणाले. "चल. गाडी जाईल."

गाडी गेली नव्हती. स्वरूपाला खिडकी मिळाली. वडील खाली उभे राहून उगीच एसटीच्या पत्र्यावर थाप मारत होते, लांबच्या पल्ल्याला निघालेल्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी. गाडी हलली आणि तिनं मन भरून रडून घेतलं. रडता रडता तिला हेही वाटत होतं की त्या पुस्तक लिहिणाऱ्या बाईंनी ऊस पाहिलेला नसेल, पण आई पाहिली होती. हे एक पत्र लिहून त्यांना कळवायला हवं. आधी तुऱ्याचं लिहायचं की आधी आईचं, ते ठरेना.

सणसरच्या आसपास फोन वाजला.

"पोचलीस का?"

"अजून न्हाय गं. सणसर आलंय."

मग धरण फुटावं तशी रतन सुटली. खिडकीतनं हात बाहेर काढू नगं. चटणीचं झाकण सैल हाय, पिशवी आडवी ठिवू नगं. शेजारी कोण बसलंय, बाईमाणूस हाय का? दे तिच्याकडं फोन. दगडाबाई सकाळपसनं दोनदा विचारून गेली. मी तिला म्हटलं, गेली माझी पोरगी बारामतीला, तर ती म्हणती... स्वरूपा डोळे पुसत होती आणि हसत होती. शेजारची बाई बघत राहिली. पुरती दहा मिनिटं गेली आणि पलीकडचा आवाज एकदम थांबला.

"काय झालं आई?"

"अगं बया," रतन म्हणाली. "म्हशीला वैरणच टाकली न्हाय मी आजून."

फोन ठेवल्यावर स्वरूपानं काचेला डोकं टेकलं. बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता, नुसता हिरवा. तुरा यायला दिवाळी लागणार होती, आणि तिलाही मोठ्या सुट्टीवर घरी यायला तेवढाच वेळ होता.