ड वर्ग

अंगठ्याला चिकटलेला तो कपटा काही केल्या निघेना. नखाएवढा पांढरा तुकडा, त्यावर निळ्या शाईतला अर्धवट ‘अ’ – तिनं बोट टेबलाच्या कडेला घासलं, रुमालाला घासलं, मेला आणखीच घट्ट बसला... आपल्याच हातचा ‘अ’. अ म्हणजे कायम जपायचे कागद, ब आणि क म्हणजे काही वर्षं, ड म्हणजे रद्दी, थेट लगद्याच्या कारखान्यात. सकाळी तिनं एका फायलीवरचा अ सोलून काढला, तिथं ड चिकटवला, आणि फाइल दाराजवळच्या खोक्यात तळाशी सारली. दुपारी टेम्पो ती खोकी नेणार होता. बास. इतकं सोपं असतं हे? मला वाटलं होतं, हात तरी थरथरेल.

फाइल बघूसाहेबांच्या घराची. काहीही विचारा, ‘बघू’ म्हणायचे, म्हणून अख्ख्या नगरपालिकेनं हेडक्लार्कला ठेवलेलं हे नाव. निवृत्त होऊन घरी बसले, आणि आता त्याच नगरपालिकेची नोटीस त्यांच्या दारात – वरच्या मजल्याचा परवाना दाखवा, नाहीतर मजला पाडू. घरची प्रत वाळवीनं खाल्लेली, दुसरी फक्त या फायलीत. (वाळवीलाही अक्कल असते म्हणायची.) गेल्या आठवड्यात आले, याच स्टुलावर बसले, ‘तेवढं बघा हो बाई, वर मुलगी राहते, तिला दुसरीकडे थारा नाही...’ अडला हरी गाढवाचे पाय धरी. गाढव म्हणजे मी. असू दे, गाढव तर गाढव, लाथ तर मारता येते.

साहेब नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. हिची आई गावी एकटी, अंथरुणाला खिळलेली, शेजारीण फोनवर सांगायची, ‘ये गं बाई, ती सारखी दाराकडे बघत असते’ – आणि हिच्या रजेचा अर्ज बघूसाहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली, त्यावर एकात एक अडकलेली तपकिरी वर्तुळं... सोमवारी बघू. मोठे साहेब आले की बघू. आई गेली तेव्हाही तोंड दाराकडेच होतं म्हणे. परत आल्यावर ती भर ऑफिसात त्यांच्या अंगावर ओरडली, जन्मात पहिल्यांदा, आणि त्यांनी मानही वर न करता सांगितलं, ‘तुम्ही खाली रेकॉर्डला जा. तिथं हवं तेवढं ओरडा, कागदांना कान नसतात.’

खाली म्हणजे इथं. तेव्हा हिला खोली म्हणायची कुणाची छाती झाली नसती – डोक्यावर गळका पाइप, जमिनीवर फडक्यात बांधलेली गाठोडी, गाठोड्यांत उंदरांची बाळंतपणं. ती ओरडली नाही. दातओठ खात कामाला लागली; पाइप हलवून घेतला, अर्जांवर अर्ज करून लोखंडी रॅक मिळवले, ते जमिनीपासून वीतभर उंच बसवून घेतले, एकेक गाठोडं सोडून कागद झटकले, वर्गवार लावले, खोक्यांना क्रमांक दिले. वरचे आधी हसले, उंदीरमावशी म्हणाले. आता दुसऱ्या गावांची माणसं येऊन ही खोली बघून जातात. एक कागद हरवला नाही माझ्या हातून, एकसुद्धा नाही... आजवर.

हे ‘आजवर’ तिला बोचलं. पूर्वीच्या ढिगाऱ्यात हरवलेलं कधीतरी आपोआप वर यायचं. आता चुकीचं लेबल लागलं की कागद मेलाच, कारण उंदीरमावशीचं लेबल चुकतं हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. तुम्हीच दिलेल्या खोलीत तुम्हाला गाडते, साहेब... किती गोड वाटायला हवं होतं हे. वाटतही होतं. पण अंगठा हुळहुळत होता.

‘बाई, आहात का?’

दारात बघूसाहेब. केवढे आटलेत! गळपट्टीत मान सैल हलते आहे. धाप लागलेली, टेकायला काही हवं म्हणून त्यांनी हात ठेवला तो नेमका त्याच खोक्यावर. ‘उद्या सुनावणी आहे हो. मिळालं का?’

किती वर्षं घोळवून ठेवला होता तो शब्द तिनं.

‘बघू,’ ती म्हणाली, आणि त्यांचा चेहरा पडायची वाट बघत राहिली.

चेहरा खुलला. ‘हुश्श! तुम्ही बघू म्हणालात म्हणजे मिळालंच. बाईंच्या खोलीत काही हरवत नाही, सगळे सांगतात.’ रॅकांवरून कौतुकानं नजर फिरवत ते म्हणाले, ‘तुम्हाला रेकॉर्डला आणलं कुणी हो? पारखी माणूस असणार. त्याचं भलं होवो.’

तिनं त्यांचा चेहरा न्याहाळला. टोमणा नव्हता, नाटक नव्हतं. त्यांना आठवतच नव्हतं.

कठड्याला धरून ते जिना चढून गेले. तुम्हीच आणलंत! मेल्या, तुम्हीच! पण कुणाला सांगायचं? त्यांनी तो दिवस केव्हाच ड मध्ये टाकून दिला होता. चहाची वर्तुळं, ते दार, आईचं वळलेलं तोंड, सगळं अ करून जपत बसले ती मी एकटी. मजला पडला तरी तो का पडला, हे त्या माणसाला कळायचंच नाही... आणि मुलीला तर नाहीच नाही. ती आता दाराकडे बघत असेल, बाप काय घेऊन येतो म्हणून.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. हमाल आत आला, दोन खोकी उचलून ठेवून आला, आणि तिसऱ्यापाशी वाकला. तिचा हात त्या खोक्यावर होता.

‘बाई, हेही न्यायचं ना?’

अंगठ्यावरचा अर्धा अ तिनं नखानं खरवडला. तोंड उघडलं.

‘बघू,’ ती म्हणाली. आणि न्यायचं की ठेवायचं, या खेपेला तिला खरोखरच माहीत नव्हतं.